बाबासाहेबांचे दुखणे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या सीमाभागात सापडावयाचा नाही. चौकाचौकांत त्यांचा पुतळा उभा आहे. अंगात कोट, हातात ग्रंथ, एक बोट पुढे केलेले, पाय जमिनीवर घट्ट रोवलेले. पण ते पाय आयुष्याच्या शेवटच्या आठ-नऊ वर्षांत त्यांना रात्र-रात्र झोपू देत नव्हते, ही गोष्ट पुतळा पाहून कोणाच्या ध्यानी येत नाही. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि त्यांच्या लढ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात आम्ही त्यांच्या चरित्राची एक कमी सांगितली गेलेली बाजू सांगणार आहोत. ती म्हणजे त्यांच्या शरीराचे दुखणे, आणि त्या दुखण्याबरोबर त्यांनी काढलेले दिवस.

आपल्या भागाशी बाबासाहेबांचा संबंध जुना आहे. १९२० च्या मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या माणगावी परिषद भरली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी या तरुण विद्वानाला समाजापुढे उभे केले. पुढे १९२५ च्या एप्रिल महिन्यात निपाणी येथे मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली झाली. त्यांच्या वयाला त्याच महिन्यात चौतीस वर्षे पुरी होत होती. निपाणीचे बलवंतराव वराळे पुढे त्यांचे निकटचे सहकारी झाले आणि त्यांनी बाबासाहेबांच्या आठवणीही लिहिल्या. १९३९ च्या डिसेंबरअखेरीस बाबासाहेब बेळगावास आले होते. त्या काळी गाडीचा आणि मोटारीचा प्रवास, जागरण, वेळी-अवेळी जेवण आणि लागोपाठ सभा हे सारे त्यांचे शरीर मुकाट्याने सोसत होते.

सोसण्याची ही सवय लहानपणापासूनची होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई लवकर गेली. साताऱ्याच्या शाळेत विटाळाच्या भीतीने त्यांना वेगळे बसावे लागे. मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत, घरची सारी माणसे निजल्यावर दिव्यापाशी बसून त्यांनी अभ्यास केला. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० साली ते दुसऱ्यांदा लंडनला गेले, तेव्हा पैशाची एवढी ओढ होती की पोटभर जेवण हीच चैन होती. सकाळी थोडे काही खाऊन ग्रंथालयात बसायचे आणि ते बंद होईपर्यंत उठायचे नाही, असा त्यांचा क्रम असे. जेवणाची आणि झोपेची हेळसांड तेव्हा जी अंगवळणी पडली, ती पुढे सुटली नाही. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूर खात्याचे काम, आणि या सगळ्यांच्या मधल्या रात्री लिहून काढलेले ग्रंथ, असे वीस-पंचवीस वर्षे चालले. दरम्यान चार लेकरे गेली. १९३५ च्या मे महिन्यात पत्नी रमाबाईही गेल्या. घरी वेळेवर जेवायला बसवणारे माणूस उरले नाही.

शरीराने हिशोब मागितला तो १९४७-४८ च्या सुमारास. देश स्वतंत्र झाला होता. बाबासाहेब कायदामंत्री होते, आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेचा मसुदा तयार करणारी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. ह्याच दिवसांत मधुमेहाने त्यांना गाठले. पायांत असह्य वेदना सुरू झाल्या आणि रात्रीची झोप गेली. मुंबईच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून पायांच्या दुखण्याचा आणि जागून काढलेल्या रात्रींचा उल्लेख येऊ लागला. डॉक्टरांनी मज्जातंतूंचा दाह असे निदान केले. संधिवाताचाही त्रास होता.

हे दुखणे कसे असते, ते वाचकांना थोडे समजावून सांगणे अगत्याचे आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की शरीरातील बारीक मज्जातंतू खराब होतात. मेंदूपासून सर्वांत दूर पाय, म्हणून आरंभ बहुधा पावलांपासून होतो. काहींची पावले बधिर होतात. काहींना त्याउलट आग होते, सुया टोचल्यासारखे वाटते, कळा येतात. काहींना दोन्ही होते. अशी वेदना पुष्कळदा रात्री बळावते. दिवसा मन कामात असते. रात्री घर शांत झाले की मनुष्य आणि त्याचे दुखणे एवढेच उरतात. अंगावर घेतलेली चादरसुद्धा पायाला बोचते. त्या काळी इन्सुलिन निघून पंचवीस वर्षे झाली होती. पण घरच्या घरी साखर तपासण्याचे यंत्र नव्हते, आणि मज्जातंतूंच्या कळांवर आज जी औषधे देतात ती तेव्हा उपलब्ध नव्हती. शेक, मालिश, विजेचे उपचार, पथ्य आणि इंजेक्शने यांवरच सारी मदार होती.

जे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ राहते किंवा पुन्हा पुन्हा येते, त्याला वैद्यकशास्त्र आज दीर्घकालीन वेदना म्हणते. बोट कापले तर जखम भरते आणि दुखायचे थांबते. येथे तसे होत नाही. कधी मूळ आजार जात नाही म्हणून, तर कधी इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था दुखण्याचा निरोप धाडीत राहते म्हणून, वेदना चालूच राहते. तपासणीचे कागद चांगले येतात आणि माणूस मात्र कण्हत असतो. जगात साधारणपणे पाच प्रौढांमागे एकाला अशी काही ना काही वेदना असते, असा अंदाज आहे. आपल्या देशात मधुमेह असलेले लोकच दहा कोटींवर आहेत. तेव्हा बाबासाहेबांचे दुखणे हे कोणा थोर पुरुषाचे विरळा दुखणे नव्हे. आपल्या आळीतील घराघरांत आहे तेच ते दुखणे आहे.

मसुद्याचे काम १९४८ च्या फेब्रुवारीत पुरे झाले आणि बाबासाहेब उपचारासाठी मुंबईस आले. तेथे डॉ. मालवणकर यांच्याकडे त्यांचे औषधपाणी सुरू झाले, आणि डॉ. शारदा कबीर यांच्याशी जवळचा परिचय झाला. रात्रंदिवस कोणी जाणत्या माणसाने सांभाळल्याखेरीज प्रकृती टिकणार नाही, हे उघड झाले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीस दोघांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि शारदाबाई सविताबाई आंबेडकर झाल्या. त्यांचे संसाराचे पहिले काम म्हणजे एका आजारी माणसाचे जेवण, औषध आणि विश्रांती यांचे वेळापत्रक बसवणे हे होते.

आणि समोर काम होते ते किती? समितीत सात सभासद होते. त्यांतील एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानांच्या कामात गुंतले होते, एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीबाहेर होते. अखेर मसुद्याचा भार बाबासाहेबांवरच पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९४८ च्या नोव्हेंबरात घटना सभेत उघडपणे सांगितले. हे सांगणारे कृष्णम्माचारी स्वतः त्या समितीवर होते. मसुद्यात ३१५ कलमे होती. त्यांवर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देण्यासाठी वर्षभर पुन्हा पुन्हा उभे राहायचे होते, आणि तेही त्याच पायांवर. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी समारोपाचे भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी घटना संमत झाली. तिच्यात ३९५ कलमे होती. तिच्यातील कलमे आपण वाचतो, तेव्हा ती लिहिणाऱ्याची आदली रात्र कशी गेली होती हे त्यांत कोठे दिसत नाही. दुखणाऱ्या माणसाचे काम बहुधा असेच असते. ते पार पडलेले दिसते, पण त्याची किंमत दिसत नाही.

मात्र सर्वच कामे पार पडली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. हिंदू स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचे हक्क देणारे हिंदू कोड बिल हे बाबासाहेबांचे अत्यंत जिव्हाळ्याचे काम. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले की, आपल्या प्रकृतीची डॉक्टरांना काळजी वाटते, महिनाभराच्या उपचारासाठी त्यांच्या स्वाधीन व्हायचे आहे, त्यापूर्वी हे बिल मार्गी लागावे. आजारी माणूस आपले दिवस कसे मोजतो, ते या पत्रात दिसते. इस्पितळाची तारीख आणि कामाची तारीख यांत तो ओढाताण करीत असतो. बिल मार्गी लागले नाही. सप्टेंबरअखेर बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यास त्यांचा पराभव झाला. दुखण्याच्या जोडीला निराशा आली.

तरी ते थांबले नाहीत. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी घेण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाची उभारणी, राज्यसभेतील काम आणि ब्रह्मदेशाचा प्रवास हे सारे याच वर्षांतले. पण त्यांचे रोजचे जीवन पुष्कळच आखडले होते. चालायला हातात काठी आणि बाजूला माणसाचा आधार लागू लागला. जिन्याच्या पायऱ्या म्हणजे संकट झाले. दृष्टी मंद होत चालली. पुस्तकांवर जगणाऱ्या माणसाला हे दुखणे पायांच्या दुखण्याहून जड गेले असेल. दिल्लीतील २६ अलीपूर रोड या बंगल्यात त्यांचे चिटणीस नानकचंद रत्तू नोकरीवरून सुटले की येत आणि रात्री उशिरापर्यंत मजकूर टंकलिखित करीत. सुदामा नावाचा स्वयंपाकी पथ्याचे करून घालीत असे. सविताबाई औषधे आणि इंजेक्शने पाहत. १९५६ साली या एकाकी घरात बाबासाहेबांना रडताना रत्तूंनी पाहिले. लिहिलेली पुस्तके आपल्या हयातीत छापून होणार नाहीत, ही चिंता त्यांना जाळीत होती.

भगवान बुद्धाच्या जीवनावरील आपल्या ग्रंथाला त्यांनी १९५६ साली प्रस्तावना लिहिली. गेली पाच वर्षे आपण आजारी होतो, आणि सविताबाई व डॉ. मालवणकर यांच्या कौशल्यामुळेच हा ग्रंथ पुरा होऊ शकला, अशी कबुली त्यांनी तीत दिली आहे. एवढ्या अभिमानी पुरुषाने आपले परावलंबन असे मोकळेपणाने लिहून ठेवावे, हे आम्हांस त्यांच्या थोरवीचेच लक्षण वाटते.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांचा मार्ग आपल्या श्रद्धेहून निराळा होता. परंतु वेदनेने जर्जर झालेला एक मनुष्य काठीच्या आधाराने त्या अफाट समुदायापुढे उभा राहिला, हे दृश्य कोणत्याही श्रद्धेच्या माणसाने आदराने आठवावे असे आहे. नोव्हेंबरात ते नेपाळात काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले आणि महिनाअखेर दिल्लीस परतले. ५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी त्यांचे पाय चेपून दिले. त्या प्रस्तावनेचे कागद बाबासाहेबांनी पलंगाशेजारी मागवून घेतले. ६ तारखेच्या सकाळी ते झोपेतच गेल्याचे आढळून आले. वय पासष्ट वर्षांचे होते. ग्रंथ पुढील वर्षी प्रसिद्ध झाला.

या चरित्रात एक कटू प्रकरण आहे, तेही आम्ही झाकून ठेवीत नाही. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर काहींनी सविताबाईंवरच संशय घेतला. सरकारी चौकशी होऊन मृत्यू नैसर्गिक होता असा निर्णय झाला, तरी त्यांना पुष्कळ वर्षे लोकांच्या रोषामुळे दूर राहावे लागले. २००३ साली त्या वारल्या. दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्याच्या वाट्याला हे पुष्कळदा येते. आठ वर्षे रात्री जागलेल्यांचे कौतुक होत नाही. मनुष्य गेला की प्रश्न मात्र त्यांनाच विचारले जातात. आपल्या मंडळीतही अशा सुना, मुली आणि पत्नी आहेत. त्यांच्याशी बोलताना आपली जीभ जपली पाहिजे.

आता या चरित्रातून काय घ्यावे? एक सोपा बोध कोणीही काढील. एवढे दुखत असता बाबासाहेबांनी राज्यघटना लिहिली, मग आपण कंबर दुखते म्हणून का बसावे? शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, त्यांनी हा बोध मुलांना देऊ नये. तो खरा नाही आणि दयेचाही नाही. बाबासाहेबांनी दुखण्याकडे दुर्लक्ष केले म्हणून त्यांचे काम झाले असे नव्हे. उलट तरुणपणी जेवण व झोप यांकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत त्यांनी शेवटी मोजली. शेवटच्या वर्षांतले काम झाले, कारण त्यांच्यापाशी डॉक्टर पत्नी होती, पगारापलीकडे राबणारा चिटणीस होता, पथ्य सांभाळणारा स्वयंपाकी होता आणि खांदा देणारी माणसे होती. थोरांची चरित्रे दुबळ्यांच्या पाठीवर चाबकासारखी वापरू नयेत.

ज्या निपाणीत बाबासाहेबांनी परिषद घेतली, तेथे पिढ्यान्पिढ्या बायकांनी विड्या वळल्या आणि वखारीत तंबाखू निवडली. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत बसायचे. मान, कंबर, बोटांची पेरे आणि गुडघे यांचे दुखणे हे त्या कामाचे जणू व्याजच. अशा बाईला चिटणीस नाही आणि स्वयंपाकीही नाही. ती घरी जाऊन स्वतःच चूल पेटवते. रविवारी ती उपासनेला आली नाही तर भक्तीत थंड पडली असे आपण म्हणतो. आली आणि गीताच्या वेळी उभी राहिली नाही तर शेजारी वळून पाहतात. दुखणे दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे आपण धरून चालतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले होते, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून दुखण्याचे कारण सांगू लागले, तेव्हाच ते बिघडले.

म्हणून आमच्या मते मंडळीने चार साध्या गोष्टी कराव्यात. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी पाठ असलेल्या खुर्च्या पुढच्या बाजूस ठेवाव्यात, म्हणजे कोणाला मागे एकटे बसावे लागणार नाही. उभे राहण्याच्या वेळी ज्यांना त्रास होतो त्यांनी बसून राहावे, असे पाळकांनी स्वतः सांगावे. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री आपले तळवे उजेडात पाहावेत, अनवाणी चालू नये, बधिरपणा वा जळजळ असल्यास सरकारी दवाखान्यात वेळेवर दाखवावे, ही माहिती महिला मंडळाच्या सभेत द्यावी. आणि ज्या घरी दीर्घ दुखणे आहे तेथे आठवड्यातून एकदा कोणीतरी जावे, ते उपदेश करायला नव्हे, तर दोन तास बसायला, म्हणजे त्या घरच्या सविताबाईंना थोडी झोप मिळेल.

आणि भेटीस गेल्यावर आजारी माणूस दुखते म्हणाला, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. औषध डॉक्टर देतील. विश्वास देणे मात्र आपल्याच हाती आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.